ग्रहांची गणती

निरभ्र रात्रीं आकाशाकडे कांहीं आठवडे लक्षपूर्वक पाहणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट आपोआप कळून येते. बहुतेक तारे परस्परांतील अंतर सोडीत नाहींत. सप्तर्षि आज जसे दिसतात तसेच ते आजोबांना दिसत होते व नातवांनाहि दिसतील. परंतु या स्थिर समुदायांत कांहीं मोजकीं तेजोबिंबें अशीं आहेत कीं, त्यांस एका जागीं स्वस्थ बसवत नाहीं. आज एका नक्षत्रांत, तर कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या नक्षत्रांत. मध्येंच तीं थबकतात, कांहीं दिवस उलट चालतात आणि पुन्हां पूर्वीच्या मार्गास लागतात. ग्रीक लोकांनीं त्यांना 'भटके' या अर्थाचें नांव दिलें, व त्यावरूनच 'प्लॅनेट' हा शब्द निघाला. आपल्या पूर्वजांनीं त्यांना 'ग्रह', म्हणजे धरणारे, असें म्हटलें.

ग्रह किती, हा प्रश्न दिसावयास अगदीं साधा आहे. प्राथमिक शाळेंतील मूलहि त्याचें उत्तर एका शब्दांत देतें. परंतु हें उत्तर आजवर अनेक वेळां बदललें आहे. कधीं सात, कधीं नऊ, मग सहा, पुन्हां सात, एकदां अकरा, नंतर आठ, पुन्हां नऊ आणि आज पुन्हां आठ! या सर्व काळांत आकाशांत एकहि नवा ग्रह जन्मास आला नाहीं, कीं जुना एकहि नाहींसा झाला नाहीं. २००६ सालीं प्लुटोचें नांव ग्रहांच्या यादींतून निघालें, तेव्हां पुष्कळ सुशिक्षित घरांत असा प्रश्न विचारला गेला कीं, पंडितांचेंच जर एकदां ठरत नाहीं, तर मुलांनीं पाठ तरी काय करावें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. शाळेंत शिकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर या गणतीच्या इतिहासांतच सांपडतें.

प्राचीनांच्या यादींत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र व शनि असे सात ग्रह होते. आठवड्याच्या सात वारांचीं नांवें हीच त्या यादीची आठवण होय. भारतांत त्यांत राहु व केतु मिळून नवग्रह झाले. राहु-केतु हीं कांहीं आकाशांतील बिंबें नव्हत. सूर्याचा भासमान मार्ग व चंद्राचा मार्ग एकमेकांस ज्या दोन ठिकाणीं छेदतात, ते हे दोन बिंदु. ग्रहणें याच बिंदूंच्या आसपास होतात. ग्रहण हा छायेचा खेळ आहे, हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या 'आर्यभटीय' ग्रंथांत स्पष्ट सांगितलें होतें. दोन दीप, पांच भटके आणि दोन अदृश्य बिंदु यांस एका पंक्तीस बसविणें आज चमत्कारिक वाटतें. परंतु त्या यादीस अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. 'ताऱ्यांमधून जो चालतो तो ग्रह' ही तिची कसोटी होती. राहु-केतूहि चालतात, सुमारें साडेअठरा वर्षांत ते नक्षत्रचक्राची एक फेरी पुरी करतात. त्या कसोटीस हे नऊच्या नऊ उतरत होते. यादी बरोबर होती. कसोटी मात्र पुढें अपुरी ठरली.

ही कसोटी बदलण्याचें श्रेय कोपर्निकसकडे जातें. १५४३ सालीं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूर्य मध्यें आहे व पृथ्वीसह सर्व ग्रह त्याच्याभोंवतीं फिरतात, असें त्यानें मांडलें. ग्रहांचें मध्येंच उलट चालणें हें मग कोडें राहिलें नाहीं. धांवत्या गाडींतून पाहणाऱ्यास शेजारची मंद गाडी मागें जातांना दिसावी, तसा तो पृथ्वीच्या स्वतःच्या गतीचा भास ठरला. आतां 'सूर्याभोंवतीं फिरतो तो ग्रह' अशी कसोटी झाली. तिच्यामुळें सूर्य यादींतून गेला, चंद्र पृथ्वीचा सेवक म्हणून बाहेर पडला, आणि मनुष्य जिच्यावर उभा होता ती पृथ्वीच यादींत येऊन बसली. ग्रह सहा झाले. गणतींतील आजवरची सर्वांत मोठी उलथापालथ ती हीच. प्लुटोचें प्रकरण तिच्यापुढें अगदींच किरकोळ होय.

ही गोष्ट लोकांस सहजासहजीं पटली नाहीं. टायको ब्राहे यानें दुर्बिणीच्या पूर्वीं, नुसत्या डोळ्यांनीं, मंगळाचे अत्यंत काटेकोर वेध घेऊन ठेवले होते. त्यांवर केप्लरनें कित्येक वर्षें गणित केलें. वर्तुळांच्या मदतीनें त्यानें बसविलेला मार्ग प्रत्यक्ष वेधांशीं जवळजवळ जुळला. फरक राहिला तो आठ कलांचा, म्हणजे आकाशांत दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या सुमारें चतुर्थांशाएवढा. दुसऱ्या कोणी तो फरक पोटांत घातला असता. केप्लरला टायकोच्या वेधांवर भरंवसा होता, म्हणून त्यानें वर्तुळच टाकून दिलें. १६०९ सालीं त्यानें ग्रहाचा मार्ग लंबवर्तुळाकार असल्याचें जाहीर केलें. त्या आठ कलांनीं दोन सहस्र वर्षांची वर्तुळावरील श्रद्धा मोडली.

पुढच्याच वर्षीं, १६१० च्या जानेवारींत, गॅलिलिओला दुर्बिणींतून गुरूच्या आसपास चार बारीक तारे दिसले. ते रोज जागा बदलीत, पण गुरूची सोबत सोडीत नसत. गुरूला स्वतःचे चार चंद्र होते! त्याच वर्षीं शुक्राच्या कला चंद्राप्रमाणें वाढतांना व कमी होतांना त्यास आढळल्या. शुक्र सूर्याभोंवतीं फिरत असल्याखेरीज अशा कला दिसणें शक्य नव्हतें. १६३३ सालीं रोमच्या धर्मन्यायासनापुढें वृद्ध गॅलिलिओला पृथ्वी फिरते हें मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली, आणि १६४२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो आपल्या घरींच नजरकैदेंत राहिला. यादींत पृथ्वीचें नांव घालण्याची किंमत अशी मोजली गेली आहे.

इतकें झालें तरी ग्रह केवढे आहेत, हें कोणास ठाऊक नव्हतें. १६७२ सालीं मंगळ पृथ्वीजवळ आला असतां त्याचे वेध एकाच वेळीं पॅरिसहून व दक्षिण अमेरिकेंतील कायेन येथून घेण्यांत आले. दोन ठिकाणांहून मंगळाच्या स्थानांत जो अत्यल्प फरक दिसला, त्यावरून कॅसिनीनें सूर्याचें अंतर काढलें. आज तें सुमारें १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर धरतात. कॅसिनीचें उत्तर त्याच्या बरेंच जवळ होतें. अंतर कळलें कीं बिंबाच्या दिसणाऱ्या आकारावरून खरा आकार निघतो. १६८७ सालीं न्यूटननें गुरुत्वाकर्षणाचा नियम प्रसिद्ध केल्यावर ग्रहाचें वजनहि करतां येऊं लागलें. त्याकरितां तराजू लागत नाहीं. ग्रहाला एखादा चंद्र असला, आणि तो किती अंतरावरून किती वेळांत फिरतो हें कळलें, कीं ग्रहाचें वस्तुमान हातीं येतें. ही युक्ति लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिनेंच प्लुटोचें भवितव्य ठरविलें.

मोजमाप झालें तेव्हां कळलें कीं, एकाच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींत एकमेकांसारखे फार थोडे आहेत. सूर्याजवळचे बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे चारहि खडकाचे, लहान व घट्ट. बुधाचा व्यास ४,८८० किलोमीटर असून तो ८८ दिवसांत सूर्याची फेरी संपवितो. शुक्र आकारानें पृथ्वीचा भाऊ शोभतो. म्हणून त्याच्या ढगांखालीं हिरवीगार अरण्यें असतील, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक जण करीत. १९७० सालीं रशियाचें 'व्हेनेरा ७' हें यान त्याच्या पृष्ठभागावर उतरलें आणि ती कल्पना जळून गेली. तेथील उष्णता सुमारें ४६५ अंश सेल्सिअस, म्हणजे शिसें वितळावें एवढी. हवा जवळजवळ सर्व कार्बन डाय-ऑक्साइडची, आणि तिचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक. या हवेच्या पांघरुणानेंच शुक्राला बुधापेक्षांहि तप्त केलें आहे. शिवाय तो इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेस आणि इतका सावकाश फिरतो कीं, त्याचें स्वतःभोंवतींचें एक भ्रमण २४३ दिवसांचें, तर वर्ष २२५ दिवसांचें होतें. मंगळाची गोष्ट निराळी. त्याचें एक भ्रमण २४ तास ३७ मिनिटांचें, अगदीं पृथ्वीसारखें. परंतु व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक आणि हवेचा दाब पृथ्वीच्या शतांशाहूनहि कमी.

मंगळापलीकडे गेल्यावर प्रकारच बदलतो. गुरूचा व्यास पृथ्वीच्या अकरा पट आणि वस्तुमान ३१८ पट. एवढा प्रचंड देह असून तो दहा तासांच्या आंत स्वतःभोंवतीं एक गिरकी घेतो. त्यावर पाय ठेवावयास जमीन नाहीं; हायड्रोजन व हेलियम या वायूंचा तो गोळा आहे. शनि त्याच जातीचा, पण इतका विरळ कीं, त्याची सरासरी घनता पाण्याहूनहि कमी भरते. पृथ्वी व शनि या दोघांस एकाच शब्दानें संबोधणें हें नारळ व साबणाचा फुगा या दोघांस 'गोल वस्तु' म्हणण्यासारखें आहे. शब्द खोटा नाहीं. पण त्यानें फारच थोडें सांगितलें जातें.

शनीपलीकडे कांहीं असेल, अशी शंकाहि फारशी कोणास नव्हती. हॅनोव्हरहून इंग्लंडांत येऊन स्थायिक झालेला विल्यम हर्शेल हा बाथ येथें वाद्यवादनावर उपजीविका करी. दुर्बिणीचे आरसे तो स्वतः घांसून तयार करीत असे, आणि तासच्या तास हात न थांबवितां तें काम चाललें असतां बहीण कॅरोलीन त्यास घांस भरवी. १३ मार्च १७८१ च्या रात्रीं त्यास एक लहानशी चकती दिसली. तो तिला धूमकेतु समजला. गणितज्ञांनीं मार्ग काढून पाहिला, तेव्हां ती शनीच्या दुप्पट अंतरावरून फिरणारा ग्रह ठरली. पूर्वींच्या ज्योतिष्यांनींहि हा ग्रह पाहिला होता. फ्लॅमस्टीडनें तर १६९० सालीं त्यास तारा म्हणून टिपून ठेवलें होतें. सर्वांनीं पाहिला, पण ओळखला हर्शेलनेंच. त्यास राजाचें नांव द्यावें अशी हर्शेलची इच्छा होती. अखेर युरेनस हें नांव रूढ झालें. मराठी पुस्तकांतून त्यास प्रजापति म्हणूं लागले. फलज्योतिषी मात्र त्यास आजहि शोधकाच्याच नांवानें 'हर्शल' म्हणतात. हा ग्रह आपल्या मार्गावर जणू आडवा निजून लोळत जातो, आणि त्याची एक फेरी ८४ वर्षांची असते.

आतां ग्रह सात झाले. मंगळ व गुरु यांच्यामधील मोकळी जागा ज्योतिष्यांस बरेच दिवस खटकत होती. १ जानेवारी १८०१ रोजीं सिसिलींतील पालेर्मो येथें पियाझी यास तेथें एक बिंदु सांपडला, आणि कांहीं आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजांत हरवला. गाउस या चोवीस वर्षांच्या गणितज्ञानें मोजक्या वेधांवरून त्याचा मार्ग काढून दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हां दिसला. त्याचें नांव सेरेस. पण मागोमाग त्याच भागांत १८०२ सालीं पॅलस, १८०४ सालीं जुनो व १८०७ सालीं व्हेस्टा सांपडले. पाठ्यपुस्तकांतून ग्रह अकरा छापले जाऊं लागले. १८४५ पासून पुढें तर असे पदार्थ एकामागून एक सांपडूं लागले. तेव्हां ज्योतिष्यांच्या ध्यानीं आलें कीं, हे ग्रह नव्हत. ही एका पट्ट्यांतील बारक्या खड्यांची गर्दी आहे. सेरेस हा त्यांत सर्वांत मोठा, पण त्याचाहि व्यास हजार किलोमीटर भरत नाहीं. त्यांना 'लघुग्रह' म्हणून वेगळें काढलें. सुमारें अर्धशतक ग्रह म्हणून मिरविलेला सेरेस खालीं उतरला, आणि आज त्याबद्दल कोणी अश्रु ढाळीत नाहीं.

याच सुमारास युरेनस गणितानें ठरविलेल्या जागीं दिसेनासा झाला. त्यास कोणी अदृश्य ग्रह ओढीत असावा, असें फ्रान्समध्यें ल व्हेरिए यानें व इंग्लंडांत अॅडम्स यानें स्वतंत्रपणें गणितानें काढलें. ल व्हेरिएचें पत्र मिळतांच २३ सप्टेंबर १८४६ रोजीं बर्लिन येथें गाले यानें दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या स्थानापासून एका अंशाच्या आंत नेपच्यून सांपडला. कागदावरील गणितानें आकाशांतला ग्रह दाखवून दिला होता. गणित व वेध यांचा हा मेळ मराठी वाचकांपर्यंतहि लवकरच पोंचला. १८६० सालीं केरो लक्ष्मण छत्रे यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' मराठींत प्रसिद्ध केलीं.

परंतु ल व्हेरिएचीच पुढची हकीकत तितकीच उद्बोधक आहे. बुधाच्या गतींतहि त्यास थोडा फरक आढळला. त्यानें पुन्हां तीच युक्ति योजिली आणि सूर्य व बुध यांच्यामध्यें एक ग्रह असला पाहिजे असें सांगितलें. त्यास व्हल्कन असें नांवहि मिळालें, आणि तो आपण पाहिला असें म्हणणारेहि निघाले. पण तसा ग्रह नव्हताच. १९१५ सालीं आइनस्टाइननें गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला व बुधाच्या गतींतला फरक ग्रहावांचूनच उलगडला. मनुष्य तोच, युक्ति तीच. एकदां यश व एकदां अपयश. ग्रहाचें अस्तित्व नांवलौकिकानें सिद्ध होत नाहीं. तें दाखवावें लागतें.

नेपच्यूनपलीकडील ग्रहाचा शोध याच मार्गानें चालला होता. १८ फेब्रुवारी १९३० रोजीं अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ या चोवीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलास निरनिराळ्या रात्रीं घेतलेल्या छायाचित्रांची तुलना करतांना एक हललेला बिंदु दिसला. ऑक्सफर्ड येथील अकरा वर्षांच्या एका मुलीनें सुचविलेलें प्लुटो हें नांव त्यास मिळालें. हा ग्रह पृथ्वीहून कित्येक पट जड असावा अशी अपेक्षा होती. जसजशीं साधनें सुधारलीं तसतसा त्याचा अंदाज कमी होत गेला. १९७८ सालीं जेम्स क्रिस्टी यास प्लुटोचा चंद्र शॅरन आढळला, आणि न्यूटनची ती जुनी युक्ति कामास आली. प्लुटोचें वस्तुमान पृथ्वीच्या पांचशेव्या हिश्श्याएवढेंच निघालें. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनहि तो पुष्कळ लहान. १९९२ पासून त्याच्या आसपासच्या प्रदेशांत असेच बर्फाळ पदार्थ एकामागून एक सांपडूं लागले. २००५ सालीं जाहीर झालेला एरिस तर प्लुटोपेक्षां जड निघाला. सेरेसच्या वेळचा प्रसंग अक्षरशः पुन्हां उभा राहिला. एक तर यादी वाढवीत जावी, नाहीं तर ग्रह म्हणजे काय तें स्पष्ट सांगावें.

२४ ऑगस्ट २००६ रोजीं प्राग येथें आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघानें ग्रहाची व्याख्या केली. तो सूर्याभोंवतीं फिरत असावा. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानें गोल होण्याइतका जड असावा. आणि आपल्या मार्गाच्या परिसरांतील इतर पदार्थ त्यानें दूर सारलेले असावेत. पहिल्या दोन कसोट्यांस प्लुटो उतरला, तिसरीस उतरला नाहीं. त्यास 'बटुग्रह' म्हटलें गेलें. आणि गंमत अशी कीं, दीड शतकापूर्वीं खालीं उतरलेला सेरेस त्याच निर्णयानें एक पायरी वर चढून प्लुटोच्या शेजारीं बसला. ही व्याख्या सर्वांस मान्य आहे असें नाहीं. तिच्या तिसऱ्या कलमावर आक्षेप घेणारे जाणकार आजहि आहेत. १९९५ सालीं सूर्यासारख्याच दुसऱ्या एका ताऱ्याभोंवतीं ग्रह सांपडला, आणि आतां अशा ग्रहांची संख्या पांच सहस्रांच्या पलीकडे गेली आहे. प्रागची व्याख्या तर केवळ आपल्या सूर्याच्या परिवारापुरतीच आहे. तेव्हां ही शेवटची गणती, असें कोणीं समजूं नये.

तर मग मुलांनीं पाठ काय करावें? आठ नांवें पाठ करावींत, हें ठीकच. पण त्या आंकड्याबरोबर त्यामागची कसोटीहि सांगावी. नुसता 'नऊ' शिकलेल्या मुलास 'आठ' ऐकतांच फसवणूक झाल्यासारखें वाटतें. सूर्य व चंद्र यादींतून कां गेले, पृथ्वी कां आली, सेरेस कां उतरला, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास प्लुटोच्या वेळीं धक्का बसत नाहीं. प्रत्येक वेळीं यादी बदलली ती लहरीनें नव्हे, तर कोणीतरी अधिक बारकाईनें पाहिलें म्हणून. ज्या विद्येला आपल्या हिशेबांतील आठ कलांची चूकहि लपवावीशी वाटत नाहीं, ती विश्वासास पात्र नाहीं असें कसें म्हणावें?

प्लुटोकडे जाणारें 'न्यू होरायझन्स' हें यान जानेवारी २००६ मध्यें निघालें, तेव्हां प्लुटो ग्रह होता. १४ जुलै २०१५ रोजीं तें जवळ पोंचलें, तेव्हां तो ग्रह राहिला नव्हता. त्या यानांत शोधक टॉम्बॉ याच्या अस्थींचा थोडा अंश ठेवलेला होता. यानानें पाठविलेल्या छायाचित्रांत पाण्याच्या बर्फाचे उंच पर्वत व गोठलेल्या नायट्रोजनचीं विस्तीर्ण मैदानें दिसलीं. पदवी गेल्यानें त्यांतला एकहि पर्वत ठेंगणा झाला नव्हता.